हालचालींची अडचण असलेली मोठी मुलं: व्यायाम कोणता, कसा आणि कुठे?

मृण्मयी_पिंचिं

नमस्कार. हा विषय इथे येऊन गेला असेल तर जुन्या धाग्याची लिंक द्या. मला शोधून फक्त लहान मुलांबद्दलचे धागे सापडले आणि माझा प्रश्न मोठ्या मुलाचा आहे.

लेक १४ वर्षांचा, नववीत. वाचायला-बोलायला पटाईत, बुद्धिबळात बापाला हरवतो. पण चेंडू झेलता येत नाही, कंपासने वर्तुळ काढताना कागद फाटतो, जिना उतरताना अजून कठड्याला हात लागतो. मागच्या वर्षी ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी चाचण्या घेऊन डीसीडी सांगितलं, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. काही जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. न्यूरॉलॉजिस्टनी तपासून दुसरं काही नाही असं सांगितलंय.

थेरपी सेंटरं आहेत, नाही असं नाही. पण भिंतीवर बदकं, खाली रंगीत गाद्या आणि वेटिंगमध्ये तीन-चार वर्षांची पोरं. मिसरूड फुटलेला मुलगा तिथे पाय ठेवायला तयार नाही. शाळेत पीटीच्या तासाला त्याला 'तू स्कोअर लिही' म्हणून बसवून ठेवतात. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण एका तासाला साठ मुलं, ते तरी काय करणार. आता वजन वाढायला लागलंय. सोसायटीतली मुलं पूर्वी क्रिकेटला हाक मारायची, ती हाकही बंद झाली.

तर या वयाच्या मुलाला व्यायाम कोणता द्यायचा? जिम चालते का? आणि 'मला काहीच करायचं नाही' या उत्तराचं काय करायचं?

गोदाकाठ

वाचतेय. भाच्याचं अगदी हेच, फक्त तो सोळाचा आहे.

टवाळभाई

पटणार नाही, तरी लिहितो. आमच्या वेळी असली नावं नव्हती. प्रत्येक गल्लीत एखादा कच्चा लिंबू असायचाच, तोही खेळायचा, पडायचा, धडपडायचा आणि मोठा व्हायचा. मोबाईल काढून घ्या आणि मैदानावर सोडा, सहा महिन्यांत सुतासारखा सरळ होईल.

मृण्मयी_पिंचिं

टवाळभाई, सात वर्षांच्या मुलाला कच्चा लिंबू चालतो. १४ वर्षांच्या मुलाला कुणी कच्चा लिंबू म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी खाली उतरत नाही. आम्ही मैदानावर सोडून बघितलंय हो.

मणका_आणि_मी

मी पुण्यात फिजिओ आहे, बरीचशी मुलं याच वयाची असतात. सविस्तर लिहितो, पण धाग्यावर वाचून कुणाचं निदान होत नसतं हे धरून चाला.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, कारण हा धागा इतरही पालक वाचतील. 'पहिल्यापासून जमत नाही' आणि 'जमत होतं, आता जमेनासं झालंय' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी असेल तर व्यायाम शोधू नका, थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठा. मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतोय, पोटऱ्या नको तेवढ्या जाड दिसतायत, जिना दिवसेंदिवस जड जातोय, तर डुशेनसारखा स्नायूंचा आजार आहे का हे बघावं लागतं. तिथे जड वजनं आणि दमछाक करणारे व्यायाम स्नायूंचं नुकसान करतात. मृण्मयीताईंनी तपासून घेतलंय, त्यामुळे पुढे जाऊ.

डीसीडी दुर्मीळ नाही. शाळकरी मुलांत प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के, मुलग्यांमध्ये जास्त. म्हणजे साठच्या वर्गात तीन-चार जण असायला हरकत नाही, बाकीचे 'वेंधळा', 'आळशी', 'हस्ताक्षर घाण' या शेऱ्यांखाली झाकलेले असतात. वय वाढलं की आपोआप जातं हाही एक लाडका समज आहे. निम्म्याहून अधिक मुलांमध्ये ते किशोरवयात आणि पुढेही राहतं.

टवाळभाईंचं अर्धं बरोबर आहे, खेळायला हवंच. पण घडतं असं: जमत नाही म्हणून खेळत नाही, खेळत नाही म्हणून दम आणि ताकद कमी, ताकद कमी म्हणून आणखी जमत नाही. या फेऱ्यात कौशल्य आणि ताकद या दोन गोष्टी वेगळ्या करा. कौशल्य यायला वेळ लागेल. पण दम आणि ताकद वाढवायला चेंडू झेलता यावा लागत नाही. चढावर चालणं, पोहणं, स्थिर सायकल, वजनं यात कुणी बाद करत नाही. या वयाच्या मुलांशी माझी सुरुवात तिथूनच असते.

ताकदीसाठी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, पायरीवर चढ-उतार, भिंतीला हात लावून जोर, थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) ओढणं, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन चालणं. प्रत्येकी ८ ते १५ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये. ढब बिघडली की त्या दिवसापुरतं ते तिथेच थांबवायचं. यातल्या बऱ्याच मुलांचे सांधे सैल असतात, कोपर नको तितकं मागे जातं. त्यांना आणखी ताणायला लावू नका. 'किती लवचीक आहे बघा' म्हणून कौतुक करणारे क्लासवाले मी पाहिलेत, तिथून मूल घेऊन घरी या.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस ताकदीचं काम सांगते, अपंगत्व असलेल्या मुलांनाही. आकडा बघून घाबरू नका. जो शून्यावर आहे त्याला दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ.

आता कौशल्याचं. नुसतं बॉलवर बसवून तोल सुधारायचा, फळीवर उभं करायचं आणि त्यातून सायकल आपोआप येईल अशी आशा धरायची, याने फारसं काही हाती लागत नाही. २०१९ मध्ये डीसीडीवर ज्या आंतरराष्ट्रीय शिफारसी आल्या, त्यांचा भर प्रत्यक्ष कामाच्या सरावावर आहे. सायकल हवी तर सायकलच. पेडलं काढा, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे टेकतील, आणि सपाट जागेत पायाने ढकलत जाऊ दे. तोल आला की मग पेडलं.

आणि ध्येय मुलाने निवडलेलं हवं. कॅनडात विकसित झालेली को-ऑप नावाची पद्धत पूर्ण यावरच उभी आहे: ध्येय, योजना, कृती, तपासणी. मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही, विचारायचं. 'चेंडू कुठे गेला? का गेला असेल? आता काय बदलून बघशील?' आपल्याकडच्या आईबापांना हे भलतंच अवघड जातं.

सूचना देताना शरीराबद्दल कमी बोला. 'कोपर सरळ, मनगट वळव, खांदा खाली' म्हटलं की ही मुलं गोठतात. 'भिंतीवरच्या त्या डागाला मार' म्हटलं की हात आपला आपण वळतो.

टवाळभाई

वजनं उचलून उंची खुंटते म्हणतात, त्याचं काय?

मणका_आणि_मी

खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही देखरेखीखाली, योग्य ढब ठेवून केलेला ताकदीचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित म्हटलाय. मित्रांत पैज लावून 'जास्तीत जास्त किती उचलतो' हा प्रकार मात्र या वयात नको.

रंकाळा

आमची गोष्ट वेगळी आहे, पण वय तेच म्हणून लिहिते. मुलगी १५ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूचा स्नायूंवरचा ताबा बिघडलेला, दोन्ही पायांत ताठरपणा. सीपीत हालचाल किती जमते ते सांगणाऱ्या जीएमएफसीएस मोजपट्टीची दुसरी पातळी, म्हणजे स्वतः चालते, जिन्याला कठडा लागतो.

लहानपणी थेरपी नियमित होती आणि सगळं बरं चाललं होतं. बाराव्या-तेराव्या वर्षी उंची वाढायला लागली आणि ती गुडघे वाकवून चालायला लागली. मला वाटलं कंटाळा करते. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात हाडं भराभर लांब होतात, ताठर स्नायू मागे राहतात, गेल्या वर्षीची सलवार आखूड होते तसंच. त्यात वजन वाढतं, आणि तेवढंच अंतर चालायला जास्त कष्ट पडतात. पायातल्या एएफओ (घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्या) पण लहान होतात, त्या वेळेत बदलाव्या लागतात.

आमच्याकडे तोवर तेल लावून चोळणं आणि पाय ताणणं एवढंच होतं. सासूबाई रोज प्रेमाने चोळायच्या. त्याने तिला बरं वाटतं, अजूनही चालू आहे. पण नवीन फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "हिच्या पायात ताकद किती आहे ते कुणी मोजलंय का?" कुणीच मोजलं नव्हतं. पूर्वी म्हणे समज होता की अशा मुलांना वजनं दिली की ताठरपणा वाढतो. १९९० नंतरच्या अभ्यासांनी तो खोटा ठरवला, पण बातमी आमच्यापर्यंत यायला तीस वर्षं गेली.

व्यायाम सांगते, कारण घरात होण्यासारखा आहे. एक खुर्ची, तिच्यावर दोन जाड उशा. त्यावरून उठायचं आणि परत बसायचं. टाचा जमिनीला चिकटलेल्या आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये फुटबॉल, म्हणजे गुडघे एकमेकांवर आपटत नाहीत. उठताना दोन अंक, बसताना सावकाश चार अंक मोजायचे. धप्पकन बसलं की मांडीचं काम होतच नाही, आणि आमची बाई धप्पकन बसण्यात तरबेज. जमायला लागलं तशी एक उशी काढली, मग दुसरी, मग खुर्ची जाऊन स्टूल आलं. मग पाठीवर दप्तर, त्यात एक किलोचा मिठाचा पुडा. पुढे दुसरा पुडा. आता घरात कुणी विचारलं 'किती वजनाने करतेस' तर ती 'तीन मीठ' सांगते.

तिचं ध्येय तिनेच ठरवलं: एसटीत स्वतः चढायचं. अकरावीला कॉलेज तालुक्याला आहे आणि तिला बाबांच्या स्कूटरवरून जायचं नाही. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते ज्याचा पाय वळत नाही त्याला विचारा. हिचे बाबा टेप घेऊन स्टँडवर जाऊन मोजून आले, कंडक्टरने विचारलंसुद्धा की साहेब इन्स्पेक्शन आहे का. मग तेवढ्या उंचीची पेटी सुताराकडून करून घेतली, पण आधी निम्म्या उंचीची. निम्मी जमली की वर फळी ठोकायची.

एक इशारा. महिन्याभरात काही दिसलं नाही म्हणून सोडू नका. सीपीसाठी २०१६ साली ज्या शिफारसी आल्या त्यात ताकदीचा व्यायाम आठवड्यातून २ ते ४ दिवस, सलग दिवशी नाही, आणि सलग १२ ते १६ आठवडे सांगितलाय. आम्हाला दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही. संक्रांतीला ती पेटीवर चढली. गुडघे अजून वाकतातच, चमत्कार झालेला नाही. पण आता आधार घेऊन गाडीत चढते आणि वर गेल्यावर मागे वळून बघते, आम्ही बघतोय की नाही ते.

तिच्या कपाटावर प्रीती पालचा फोटो आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये टी३५ गटात १०० आणि २०० मीटर, दोन्हींत कांस्य. ती पण सीपीची. आम्ही लावला नाही तो फोटो, तिने स्वतः प्रिंट काढून आणला.

गोदाकाठ

'तीन मीठ'!! हे मी घरी सांगणार आहे.

सरकारी_काम

रंकाळाताई, सुंदर लिहिलंय. पैशांचं थोडं लिहितो, कारण खाजगी थेरपी सगळ्यांना झेपत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शून्य ते १८ वर्षांसाठी आहे, फक्त बाळांसाठी नाही. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) शाळातपासणीच्या पथकामार्फत किंवा स्वतः जाऊन विचारता येतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. सेरेब्रल पाल्सी असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघा, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपी येते.

डीसीडीवाल्यांचं गाडं इथे अडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया नावानिशी आहे. पण दाखल्याच्या चाचण्यांचा भर वाचन, लेखन आणि गणितावर असतो. मुलगा वाचायला पटाईत असेल तर हेलपाटे घालायची तयारी ठेवा. खेळण्याच्या हक्काबद्दल मात्र शाळेशी बोलताना कायदा हाताशी आहे, कलम ३० खेळांबद्दलच आहे.

दूरदेशी

मी ३१ वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये. डिस्प्रॅक्सियाचं निदान इथे आल्यावर नोकरीत असताना झालं. त्यामुळे मृण्मयीताईंच्या मुलाच्या बाजूने बोलतो.

'मला काही करायचं नाही' याचा अर्थ बरेचदा 'मला कुणाच्या समोर करायचं नाही' असा असतो. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी डीसीडी असलेल्या १३ ते १५ वयाच्या मुलांशी बोलून २०१३ मध्ये एक अभ्यास छापला होता. मुलांना व्यायामाचे फायदे माहीत होते, इच्छाही होती. आड काय येत होतं? कौशल्य कमी, थकवा, बरोबरीच्यांचे शेरे, पूर्वी शिक्षकांनी केलेली टीका, आणि चक्क तिथपर्यंत पोचण्याची अडचण. हे वाचताना मला माझीच शाळा आठवली. कबड्डीत संघ निवडताना शेवटी उरायचो मी आणि पाय मोडलेला एक मुलगा, आणि त्याला आधी घ्यायचे.

जिमबद्दल: चालते, उत्तम चालते. पण पहिल्या महिन्यात सुट्या डंबेलपेक्षा मशीन बरी. मशीनची वाट ठरलेली असते, हात भरकटत नाही. गर्दी नसलेली वेळ घ्या. रोज तोच क्रम, तीच मशीन, ट्रेनर बदलला तर पुन्हा सगळं नव्याने. झुंबाच्या वर्गात कृपा करून घालू नका. आरशासमोर वीस जण उजवीकडे आणि आपण एकटे डावीकडे, हा अनुभव पैसे देऊन घ्यायचा नसतो. मी आता भिंतीवर चढतो, त्या रंगीत खुंट्या लावलेल्या असतात तशा. तिथे घाई नाही, समोरून काही उडत येत नाही, पुढचा हात कुठे ठेवायचा यावर हवा तेवढा विचार करता येतो. बुद्धिबळवाल्या मुलाला आवडू शकेल.

आणि थकव्यावर विश्वास ठेवा. इतरांचं चालणं, लिहिणं आपोआप होतं. आम्हाला प्रत्येक वेळी लक्ष द्यावं लागतं. शाळेतून आल्यावर लगेच व्यायाम नको, खाणं आणि तासभर लोळणं आधी.

माणदेशी_मास्तर

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, जिल्हा नाव सांगून गेलाच. 'स्कोअर लिही' हे वाचून वाईट वाटलं, पण खोटं नाही. साठ मुलं, एक मैदान, चाळीस मिनिटं, त्यातली दहा रांगा लावण्यात जातात.

माझा अनुभव लेझमीचा आहे. लेझीम या मुलांना जमत नाही असं सगळे धरून चालतात, कारण हात, पाय आणि ताल एकदम सांभाळायचे असतात. पण ती तोडून शिकवता येते. आधी लेझीम हातात द्यायचीच नाही. हलगीवर नुसते पाय, जागच्या जागी, चार आकड्यांत. ते झोपेत यायला लागलं की पाय थांबवायचे आणि उभ्या उभ्या हात. लेझीम स्वतः सांगते चुकलं का बरोबर: छन् एकदम वाजलं तर बरोबर, खुळखुळलं तर उशीर झाला. मला ओरडावं लागत नाही, हे त्यातलं मोठं सुख. मग दोन्ही एकत्र, पण हलगी निम्म्या वेगाने. हलगीवाल्याला ते जमत नाही, त्याचा हात शिवशिवतो. त्याला आधी दम द्यावा लागतो.

दोन बारीक गोष्टी, ज्या कॉलेजात कुणी शिकवल्या नव्हत्या. शिकवताना मुलांकडे तोंड करून उभं राहायचं नाही, पाठ करायची. तोंड केलं की माझा डावा त्यांना उजवा दिसतो, आणि ही मुलं तिथेच गळपटतात. दुसरं, या मुलाला पहिल्या रांगेत घालायचं नाही आणि टोकालाही नाही. रांग वळते तेव्हा टोकावरच्याला सगळ्यात लांब पावलं टाकावी लागतात. दुसऱ्या रांगेत, मधोमध, पुढे एक खमका मुलगा. तो खमका मुलगा कोण हे वर्गात कुणाला कळू द्यायचं नाही.

सूर्यनमस्काराचंही तेच. बाराच्या बारा स्थिती एका दमात शिकवल्या की यांना पुढची आठवत नाही, मग ते शेजाऱ्याकडे बघतात, मग तोल जातो, मग सगळे हसतात. दोन-दोन स्थिती घ्याव्यात, आणि त्या पक्क्या झाल्याशिवाय तिसरीचं नाव काढू नये. लंगडी मात्र मी यांना स्पर्धेत कधीच लावत नाही. एका पायावर तोल, शिवाय पळणाऱ्याकडे लक्ष, शिवाय आरडाओरडा. तो खेळ यांच्यासाठी फार क्रूर आहे.

टवाळभाई

मास्तर, हे पाठ करून उभं राहायचं आमच्या सरांना कुणी सांगितलं असतं तर मी २६ जानेवारीला तीन वर्षं झेंड्याच्या दोरीपाशी उभा राहिलो नसतो. (हो, कच्चा लिंबू कोण होता ते आता कळलं असेल सगळ्यांना.)

मृण्मयी_पिंचिं

😂 टवाळभाई!

सगळ्यांचे खूप आभार. लेकाला सगळा धागा वाचायला दिला. त्याला काही लिहायचंय म्हणतो. खालचा प्रतिसाद त्याचा, मी काही बदललं नाही.

मृण्मयी_पिंचिं

आयडी आईचा आहे, लिहितोय मी.

१. सायकल मला नकोय, आईला हवी आहे.
२. जिमला जाईन. बाबांबरोबर नाही.
३. मला ढोल वाजवायचाय, गणपतीत, पथकात. आईला हे माहीत नव्हतं.
४. मिठाच्या पुड्यांपेक्षा डंबेल स्वस्त पडतील का हे कुणी काढलंय का?

रंकाळा

मीठ नंतर आमटीत घालता येतं बाळा.

मणका_आणि_मी

क्रमांक ३ आवडला. तुझ्याशीच बोलतो.

ढोलात तीन वेगळी कामं आहेत. एक, तो कंबरेला बांधून तासन्तास उभं राहणं आणि चालणं. दोन, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप, दोन्हींची कामं वेगळी. तीन, बाकीच्या शंभर जणांबरोबर एकदम थांबणं.

पहिल्या कामाची तयारी आजपासून होऊ शकते. दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरून चाल, आधी थोडं, मग गच्चीपर्यंत जिना. कंबर पुढे ढकलून पाठीची कमान झाली की वजन जास्त आहे असं समज आणि एक पुस्तक काढ. त्याबरोबर रंकाळाताईंची खुर्ची. हसू नकोस, करून बघ.

दुसऱ्या कामासाठी मांडीवर उशी घे. एकटा टिपरूचा हात, ताल तोंडाने मोठ्याने म्हणत. मग एकटी थाप. दोन्ही एकत्र करताना वेग इतका कमी की कंटाळा आला पाहिजे. चुकलं की थांबून 'कुठला हात उशिरा आला' एवढंच स्वतःला विचार. 'मला जमतच नाही' हे उत्तर नाही, कारण त्यावरून पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही.

तिसरं काम घरी होत नाही, तिथे पथकच हवं. आणि कानात इअरप्लग, यात चर्चा नाही.

टवाळभाई

आमचं पथक चिंचवडातच आहे. सराव गणपतीच्या दोनेक महिने आधी सुरू होतो. नवीन पोरांना वेगळं बसवून शिकवतात, एकच हात शेकडो वेळा, सगळेच चुकत असतात, त्यामुळे कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. ताई, विपु (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) केलीय. फी नाही, पण उशिरा आलं की दंड असतो, आणि तो दंड पैशांचा नाही, बैठकांचा.

दूरदेशी

बैठकांचा दंड म्हणजे ताकदीचा व्यायाम फुकट. मुलाने मुद्दाम उशिरा जावं.

मृण्मयी_पिंचिं

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विपुत विचारलं म्हणून.

जिम चालू आहे, दुपारी तीनला, तेव्हा तिथे पंखा आणि हा एवढेच असतात. सहामाहीच्या वेळी पूर्ण बंद पडली होती, परत सुरू करताना भांडणं झाली. धाप कमी झाली आहे हे नक्की, चढावर मीच मागे राहते. कंपासने कागद अजून फाटतो. पथकात गेला. मधे त्याला ढोलाऐवजी ध्वज घे म्हणून सुचवलं गेलं, त्याने नाही म्हणून सांगितलं. मला ते घरी आल्यावर कळलं. विसर्जनाला तिसऱ्या रांगेत होता. थापेचा हात मधूनमधून मागे पडत होता, मला दिसत होतं, बाकी कुणाला दिसत असेल असं वाटत नाही. पाऊण मिरवणुकीनंतर थकून बाहेर आला आणि वडापाव खाऊन परत आत गेला.

एक शंका: ढोलाच्या दोरीने कंबरेला डाव्या बाजूला सोललंय. पुढच्या वर्षी रुंद पट्टा वापरावा का?

मणका_आणि_मी

रुंद पट्टा घ्या, आत जाड सुती कापडाची घडी. पण एकाच बाजूला सोललंय म्हणजे ढोल एकीकडे कलत असणार. टवाळभाई, पुढच्या सरावाला मागून एक व्हिडिओ काढून पाठवाल का? खांदे दिसले पाहिजेत.

टवाळभाई

पाठवतो. पट्टा आमच्याकडे जास्तीचा आहे, विकत घेऊ नका.